चौकोनी पिझ्झ्याचे चार कोपरे: डेट्रॉइटची रीत, घरच्या ओटीजीत

ओटीजी घरात आला की पहिल्या महिन्यात केक होतो, नानकटाई होते आणि मग कुणीतरी पिझ्झ्याचा व्हिडिओ बघतं. त्यात नेपल्सचा एखादा माणूस हातावर पीठ नाचवतो, भट्टीत सारतो आणि दीड मिनिटात काळे-सोनेरी ठिपके पडलेला पिझ्झा बाहेर काढतो. आपणही तसंच पीठ मळतो, तितकंच पातळ करतो आणि ओटीजीत ठेवतो. बारा मिनिटांनी जे बाहेर आलं, त्याचं आमच्या घरात ‘चीज खाकरा’ असं बारसं झालं होतं.

यात दोष पिठाचाही नव्हता आणि हाताचाही नव्हता. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि पिझ्झा आत राहतो ६० ते ९० सेकंद. एवढ्यात पिठातलं पाणी उडून जायला सवडच मिळत नाही. कडा फुगते, बाहेरून करपते आणि आतून ओलसर, मऊ राहते. आपला ओटीजी २३० वर, फार तर २५० वर थांबतो. तिथे तेच पातळ पीठ दहा-बारा मिनिटं वाळत बसतं.

पिझ्झ्याच्या गावोगावच्या तऱ्हा बघताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. कुठल्याही गावाचा पिझ्झा तिथल्या भट्टीने आणि भांड्याने घडवलाय. चव, अभिमान, भांडणं हे सगळं नंतर आलं. त्यामुळे आधी आपली भट्टी बघायची आणि मग गाव निवडायचं. घरच्या ओटीजीशी जमणारं गाव आहे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट, आणि हा लेख त्या गावचा पिझ्झा आपल्या स्वयंपाकघरात कसा करायचा याबद्दल आहे. पण बाकीची गावं का नाहीत, तेही दोन शब्दांत सांगते, म्हणजे पुढच्या पायऱ्यांमागचं कारण कळेल.

बाकीची गावं का नाहीत

न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली लोम्बार्डीजने पिझ्झा विकायला सुरुवात केली ती दगडी कोळशाच्या भट्टीत भाजून. पुढे गॅसवर चालणाऱ्या, सपाट तळाच्या मोठ्या भट्ट्या आल्या. आज आपण ज्याला न्यूयॉर्कचा स्लाइस म्हणतो, तो हातात धरून दुमडून खायचा पातळ तुकडा, तो याच भट्ट्यांतून घरोघर पोचला. हा घरी जमतो, पण त्यासाठी जाड लोखंडी पाट किंवा दगड तासभर तापवायला लागतो आणि अठरा इंची वर्तुळ आपल्या ओटीजीत मावत नाही.

कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे लोक अजून कोळशालाच धरून आहेत. वूस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपे यांनी १९२५ मध्ये दुकान काढलं. तिथले लोक पिझ्झ्याला ‘अपीझ्झा’ लिहितात आणि ‘अबीट्स’ म्हणतात. लांबुडका, वेडावाकडा आणि मुद्दाम काळपट भाजलेला असा तो पिझ्झा. चीज घालायचं की नाही हे गिऱ्हाईकाने सांगायचं, कारण साध्या पिझ्झ्यावर ते गृहीत धरलेलंच नसतं! शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा ही त्यांची शान. कोकणी माणसाला तिसऱ्या घातलेला पिझ्झा म्हटलं तर कदाचित लगेच पटेल.

शिकागोचा खोल पिझ्झा १९४३ साली पिझ्झेरिया युनोमध्ये सुरू झाला. तो भांड्यातला आहे, घरच्या ओव्हनलाही मानवतो, पण पाऊण तास भाजायला लागतो आणि खाऊन झाल्यावर झोपावं लागतं. शिवाय खुद्द शिकागोकर घरी मागवतात तो बहुतेकदा पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांत कापलेला ‘टॅव्हर्न’ पिझ्झा. खोल पिझ्झा पाहुण्यांना दाखवायला.

आणि मग डेट्रॉइट. जाड, चौकोनी, भांड्यात तेलावर भाजलेला, आणि २३० ते २६० अंशांत सुखाने होणारा.

सुटे भाग ठेवायचा ट्रे

मी चिंचवडला वाढले, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली आणि कामानिमित्त दोन हिवाळे मिशिगनमध्ये काढले. डेट्रॉइटच्या आसपास नोव्हाय, कँटन, ट्रॉय अशा उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत. बहुतेकांची पोटं गाड्यांच्या धंद्यावर चालतात. तिथे एका शनिवारी पहिल्यांदा तो पिझ्झा समोर आला आणि माझं लक्ष पिझ्झ्याआधी भांड्याकडे गेलं. निळसर-काळ्या पत्र्याचा, आयताकृती, बाहेरच्या बाजूला किंचित कललेल्या भिंतींचा ट्रे. अगदी याच घाटाचे ट्रे आमच्या शॉपफ्लोअरवर नट, वॉशर ठेवायला असायचे.

गंमत म्हणजे तो खरोखरच तोच ट्रे होता. १९४६ साली गस ग्वेरा यांनी डेट्रॉइटमध्ये कोनंट आणि सिक्स माइल या रस्त्यांच्या नाक्यावरच्या आपल्या ‘बडीज रॉन्देव्हू’ या बारमध्ये चौकोनी पिझ्झा विकायला सुरुवात केली. सिसिलीत जाड, चौकोनी पिझ्झा करतात, त्याच्याशी या पिझ्झ्याचं नातं आहे. पाककृती नेमकी कुणाच्या हातची यावर वेगवेगळ्या कथा आहेत. भांडं मात्र गाड्यांच्या कारखान्यांतून आलं. सुटे भाग ठेवण्यासाठी वापरायचे ते ब्लू स्टीलचे ट्रे. पातळ पोलादी पत्रा लवकर तापतो, काळा रंग उष्णता शोषून घेतो, आणि उंच भिंतींमुळे चीज कडेपर्यंत नेता येतं. पिझ्झ्यासाठी म्हणून कुणी हे भांडं आखलं असतं, तर याहून बरं जमलं असतं का, शंकाच आहे.

ग्वेरा यांनी १९५३ मध्ये बडीज विकलं आणि शेजारच्या ईस्ट डेट्रॉइटमध्ये, म्हणजे आताच्या ईस्टपॉइंटमध्ये, ‘क्लोव्हरलीफ’ घेतलं. त्यामुळे शहरात तेव्हापासून दोन घराणी. एकाकडे मूळ जागा, दुसऱ्याकडे मूळ माणूस. खरा वारस कोण, हा वाद तिथे मिसळीच्या वादासारखाच चालतो: पुणे की कोल्हापूर विचारलंत तर जेवण बाजूला राहील. त्यात हेझल पार्कमधल्या ‘लुईज’चे भक्त वेगळे. तिथे गिऱ्हाइकांनी रिकाम्या केलेल्या कियांती वाइनच्या, गवताने विणलेल्या बाटल्या निरोप लिहून भिंतींवर टांगलेल्या असतात.

इतकं असूनही मिशिगनबाहेर कित्येक दशकं या पिझ्झ्याला नाव नव्हतं. गावात त्याला नुसता ‘चौकोनी’ म्हणायचे. २०१२ साली शॉन रँडॅझो हा डेट्रॉइटचा माणूस हाच पिझ्झा घेऊन लास व्हेगासच्या पिझ्झा एक्स्पोतल्या स्पर्धेत उतरला आणि जागतिक विजेता ठरला. तिथून ‘डेट्रॉइट स्टाइल’ हे शब्द देशभर पसरले. २०२१ मध्ये पिझ्झा हटनेही या नावाचा पिझ्झा बाजारात आणला. आणखी एक योगायोग सांगते आणि पिठाकडे वळते. भारतात पिझ्झा घरोघर पोचवणाऱ्या डॉमिनोजचा जन्मही १९६० चा, डेट्रॉइटपासून तासाभराच्या आत असलेल्या इप्सिलँटीचा. आपण सगळे मिशिगनचाच पिझ्झा खात होतो, फक्त चुकीचा.

भांडं

पाककृतीपेक्षा भांड्यावर जास्त वेळ घालवा. डेट्रॉइटमध्ये दोन मापं चालतात: ८ बाय १० इंच, त्याचे चार तुकडे, आणि १० बाय १४ इंच, त्याचे आठ. आपल्या २८-३० लिटरच्या ओटीजीत मोठं माप मावायची मारामार होते. ९ बाय ९ इंचाचा चौकोनी केकचा टिन घ्या. त्याचं क्षेत्रफळ ८ बाय १० एवढंच भरतं, म्हणजे खालची सगळी मापं जशीच्या तशी लागू पडतात. उंची दोन इंचांपेक्षा कमी नको.

चकचकीत नवा अॅल्युमिनियमचा टिन उष्णता परतवून लावतो आणि बूड पांढरं राहतं. काळा पडलेला, वापरून वापरून रापलेला टिन असेल तर तोच उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे लादी पावाचा काळ्या पत्र्याचा ट्रे. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत, पुण्यात बोहरी आळीकडे किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या भागात, ‘पावाचा काळा ट्रे, छोटा, उंच काठाचा’ म्हणून विचारा. फक्त जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला चंदेरी पत्रा, घेऊ नका. आंबट टोमॅटोत जस्त उतरतं.

काळ्या पत्र्याचा ट्रे बिडाच्या तव्यासारखा तयार करावा लागतो. एकदाच गरम पाण्याने, साबणाने धुवा, लगेच कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जादाचं तेल पुसून टाका. इतकं पुसा की तेल लावलंच नाही असं वाटलं पाहिजे. मग २३० अंशांवर तासभर उपडा ठेवा. असं तीन वेळा करा. त्यानंतर साबणाची घासणी त्याला लावू नका आणि रात्रभर सिंकमध्ये ठेवू नका. आमच्याकडे कामाच्या मावशींनी माझा पहिला ट्रे मन लावून घासून लख्ख केला होता. त्यांचा काही दोष नाही, मीच सांगितलं नव्हतं.

नॉनस्टिक टिन शक्यतो टाळा. सुटायला सोपा, पण २५० अंश हे त्याच्या लेपाला जरा जास्तच होतं.

पीठ

एका ९ बाय ९ इंची टिनसाठी:

मैदा २०० ग्रॅम
पाणी १४० ग्रॅम
मीठ ४ ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट दीड ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा
टिनसाठी तेल एक मोठा चमचा, भिंतींना लावायला थोडं लोणी

मोठा १० बाय १४ चा ट्रे असेल तर सगळं पावणेदोनपट करा.

वाटीने नका मोजू. वाटीभर मैदा दाबून भरला की भुरभुरून भरला यावर वीस-पंचवीस ग्रॅम इकडे-तिकडे होतात आणि या पिठात तेवढ्याने फरक पडतो. साधा डिजिटल काटा पुरेसा आहे.

पाणी मैद्याच्या ७० टक्के आहे. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे पीठ बिघडल्यासारखंच वाटेल, हाताला चिकटेल, गोळाही नीट होणार नाही. वरून मैदा घालायचा मोह होईल, तो घालू नका. पीठ सैल असलं तरच त्यातल्या पाण्याची वाफ होऊन मोठी जाळी पडते, आणि पंधरा-वीस मिनिटं भाजूनही आतून ते कोरडं पडत नाही. पातळ नेपल्सचा पिझ्झा जिथे वाळला, तिथे हा तगतो तो या जाडीमुळे आणि या पाण्यामुळे.

मैद्याच्या पुड्यावर प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅमला ११ किंवा जास्त असेल तर काही करू नका. ९-१० असेल तर दोन छोटे चमचे मैदा काढून त्याजागी तेवढीच ग्लुटेन पावडर घाला. ती मिळाली नाही तर पाणी १३० ग्रॅमवर आणा. जाळी थोडी बारीक पडेल, पण पिझ्झा चांगलाच होईल.

मैदा, यीस्ट आणि पाणी चमच्याने कालवा, कोरडं पीठ कुठे राहू देऊ नका, आणि झाकून २० मिनिटं विसरून जा. या वेळात मैदा पाणी पितो आणि निम्मं मळण्याचं काम आपोआप होतं. मग मीठ घाला, ओल्या हाताने पिठाची एक कड वर ओढून मध्यावर घडी घाला, भांडं फिरवा, पुन्हा ओढा. अशा आठ-दहा घड्या. अर्ध्या तासाने परत तेवढ्याच. दुसऱ्या वेळी पीठ गुळगुळीत आणि ताणलं जाणारं झालेलं दिसेल. मळायचं एवढंच.

आता झाकून फ्रिजमध्ये ठेवा, किमान २४ तास, चालेल ४८ तासही. थंडीत आंबवण सावकाश होतं आणि पिठाला पावासारखा खोल वास येतो. त्याच दिवशी करायचं असेल तर यीस्ट ३ ग्रॅम घ्या आणि बाहेर दीड-दोन तास फुगू द्या. चवीत फरक पडतो हे मात्र मान्य करून.

टिनमध्ये बसवणं

या टप्प्यावर घाई करणारे हरतात. टिनच्या तळाला तेल पसरा, भिंतींना लोणी चोळा. भिंतीवर तेल लावलं तर ते ओघळून खाली येतं आणि चीज नेमकं तिथेच चिकटतं. लोणी नसेल तर थिजलेलं तूप चालतं, आणि खरं सांगायचं तर वासाला उजवं पडतं.

फ्रिजमधलं पीठ टिनमध्ये उलटा, एकदा पालटा म्हणजे दोन्ही बाजूंना तेल लागेल, आणि बोटांच्या टोकांनी दाबत बाहेर सरकवा. लाटणं नको. निम्म्यावर गेल्यावर पीठ रबरासारखं मागे येईल. तिथे जबरदस्ती केलीत तर मध्ये भोक पडेल. झाकून अर्धा तास थांबा, परत दाबा. बहुतेक दुसऱ्या खेपेला ते कोपऱ्यांपर्यंत पोचतं, फ्रिजमधून नुकतंच काढलं असेल तर तिसरी खेप लागते. कोपरे नीट भरा. पिझ्झ्यात हेच कोपरे सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

कोपरे भरले की झाकून फुगू द्या, जवळजवळ दुप्पट होईपर्यंत. किती वेळ? पुण्याच्या डिसेंबरात दोन तास, मुंबईच्या मे महिन्यात पाऊण ते एक तास. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: ओल्या बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर वेळ झाली. पटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच ओव्हनमध्ये घाला.

चीज, आणि ते कडेला का

डेट्रॉइटमध्ये विस्कॉन्सिन राज्यातलं ब्रिक चीज वापरतात. जॉन जॉसी या स्विस वंशाच्या चीजवाल्याने ते १८७७ च्या सुमारास काढलं. त्यात स्निग्धांश भरपूर, चव लोण्यासारखी आणि किंचित उग्र. भारतात ते मिळत नाही. मी दीडशे ग्रॅम मोझरेला आणि सत्तर ग्रॅम चेडार घेते. चेडारऐवजी गौडाही जमतं. मोझरेला लादीच्या रूपातलं घ्या. किसून पाकिटात भरलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट वितळत नाही. पाण्यात ठेवलेले ताजे गोळे तर अजिबात नकोत, सगळा पिझ्झा ओला होतो. घरात असतात ते प्रोसेस्ड चीजचे क्यूब वापरून बघितले. ते मऊ होतात पण त्यातलं तूप सुटत नाही, आणि या पिझ्झ्यात सगळी मजा त्या सुटलेल्या तुपात आहे.

चीज किसू नका, एक सेंटिमीटरचे चौकोन कापा. किसलेलं चीज पीठ भाजायच्या आत वितळून करपतं, चौकोन सावकाश वितळतात. मांडताना आधी कडा: भिंतीला टेकून, पीठ आणि पत्रा यांच्या सांध्यावर, चारही बाजूंनी सलग ओळ. उरलेलं मध्ये. वितळलेलं चीज भिंत आणि पीठ यांच्या फटीत उतरतं, त्यातली चरबी सुटते आणि पिझ्झ्याची कड त्या चरबीत अक्षरशः तळली जाते. थालीपिठाच्या कडेने तेल सोडल्यावर जी खरपूस, जाळीदार किनार येते ना, तीच इथे उभी येते, इंचभर उंच आणि चीजची.

पेपरोनी किंवा सलामी घालायची तर डेट्रॉइटच्या जुन्या रीतीप्रमाणे ती चीजखाली, थेट पिठावर. भाज्यांचं म्हणाल तर कांदा, ढोबळी मिरची, मशरूम आधी तव्यावर मोठ्या आचेवर परतून पाणी घालवा आणि गार करून मगच घाला. मी कांदा, लाल मिरचीचे फ्लेक्स आणि मिठाच्या पाण्यात घातलेली हिरवी मिरी घालते. पनीरबद्दल माझं मत वाईट आहे. ते वितळत नाही, रंगत नाही, नुसतं बसून राहतं. मुलांना हवंच असेल तर तव्यावर लाल करून घाला.

सॉस

डेट्रॉइटचा सॉस चीजच्या वर येतो, दोन किंवा तीन जाड पट्ट्यांत. गाड्यांचं शहर असल्यामुळे त्यांना ‘रेसिंग स्ट्राइप्स’ म्हणतात. कारण साधं आहे: सॉस वर असला की पिठाला ओल लागत नाही आणि चीज कडेला मोकळं वितळतं.

आपले टोमॅटो आंबट आणि पाणचट, म्हणून सॉस जरा जास्त आटवावा लागतो. अर्धा किलो पिकलेले लांबट टोमॅटो उकळत्या पाण्यात घालून सोला, हाताने चुरा. दोन चमचे तेलात तीन ठेचलेल्या लसूणपाकळ्या गुलाबी न होऊ देता परता, टोमॅटो, अर्धा चमचा मीठ, एक छोटा चमचा साखर आणि ओरेगॅनो घाला. मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा, साधारण अर्धा तास. चमच्याने कढईच्या तळाला रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की झाला. एका पिझ्झ्याला दीडशे ग्रॅम लागतो, उरला तर दुसऱ्या दिवशी ब्रेडला.

सॉस भाजण्यापूर्वी घालायचा की नंतर, यावर डेट्रॉइटमध्येही दुमत आहे. कमी ताकदीच्या ओटीजीत मी नंतर घालते, उकळता गरम. आधी घातला तर पट्ट्यांखालचं पीठ कच्चट राहतं.

भाजणं

ओटीजी वरखाली दोन्ही सळया सुरू करून सगळ्यात जास्त तापमानावर, किमान अर्धा तास तापवा. दिवा विझला म्हणजे तापला असं नाही, दिवा फक्त हवेबद्दल सांगतो. खालच्या जाळीवर बिडाचा तवा उपडा ठेवून तोही सोबत तापू द्या, आणि पिझ्झ्याचा टिन थेट त्या तव्यावर ठेवा. या एका गोष्टीने माझं बूड सुधारलं, पाककृतीतल्या कुठल्याही बदलाने नाही.

२५० अंशांवर १४ ते १६ मिनिटं, २३० वर १८ ते २०. ओटीजीची मागची बाजू बहुधा जास्त तापते, म्हणून दहाव्या मिनिटाला टिन फिरवा. कड गडद तपकिरी दिसली पाहिजे, सोनेरी नव्हे. सोनेरीवर बाहेर काढलात तर कड चिवट राहते. काळी आणि तपकिरी यांच्या मध्ये कुठेतरी थांबायचं असतं, आणि ते पहिल्या वेळी जमत नाही.

वरून झालं पण खालून फिकं वाटतंय? टिन गॅसच्या बारीक आचेवर एक-दीड मिनिट सतत फिरवत धरा, भाकरी फिरवतो तसं. तळातलं तेल चुरचुरल्याचा आवाज येतो, आणि बूड लाल होतं. काळ्या पत्र्याला आणि अॅल्युमिनियमला हे चालतं, काचेच्या भांड्याला कधीही नाही.

बाहेर काढल्यावर एक मिनिटाच्या आत पातळ उलथनं भिंतीच्या कडेने सगळीकडे फिरवा. चीज गार झालं की सिमेंट होतं. मग उलथनं खाली सारून पिझ्झा अख्खा उचला आणि जाळीवर ठेवा. थेट ताटात ठेवलात तर खाली वाफ धरते आणि वीस मिनिटांची मेहनत ओली होते. आता गरम सॉसच्या पट्ट्या ओढा, तीन मिनिटं थांबा, आणि एकदा उभा, एकदा आडवा काप द्या.

चार तुकडे, चार कोपरे. छोटं माप घेण्यामागे माझं खरं कारण हेच. मोठ्या ट्रेच्या आठ तुकड्यांत चारच कोपरे येतात, दोन बाजूंनी खरपूस, आणि उरलेल्या चार तुकड्यांना एकच कड. डेट्रॉइटच्या घरांत कोपऱ्यावरून होणाऱ्या भांडणांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. आमच्याकडे पहिल्यांदा मोठा ट्रे केला तेव्हा भाच्याने “मावशी, मला मधला नको” म्हणून ताट सरकवून दिलं, आणि तेव्हापासून मी मोठा ट्रे वापरत नाही.

बिघडलं तर

पीठ आणि चीज यांच्या मध्ये चिकट, कणकेसारखा थर दिसला तर पीठ पुरेसं फुगलं नव्हतं किंवा चीज गरजेपेक्षा जास्त होतं. पुढच्या वेळी नुसतं फुगलेलं पीठ पाच-सहा मिनिटं भाजून घ्या, मग चीज मांडून परत दहा-बारा मिनिटं भाजा. कमकुवत ओव्हनला हा खात्रीचा मार्ग आहे, आणि चार माणसं जेवायला येणार असतील तर भाजलेली बुडं सकाळीच करून ठेवता येतात.

कड चिकटली तर लोणी कमी पडलं किंवा ट्रे अजून नीट रापला नाही. वरचं चीज करपलं आणि पीठ कच्चं, तर टिन खूप वर ठेवला होता. पीठ बसकं, बिस्किटासारखं झालं, तर यीस्टची तारीख बघा, आणि तारीख ठीक असेल तर पुड्याचं तोंड किती महिने उघडं होतं ते आठवा. उघडलेलं यीस्ट बाटलीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतात.

उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. जाड तवा मध्यम आचेवर तापवा, तुकडा ठेवा, झाकण अर्धवट टाका, तीन मिनिटं. मग तुकडा आडवा करून चीजची कड तव्याला अर्धा मिनिट टेकवा. ती परत कुरकुरते.